स्मूथ कॉली: केस आखूड, तरी घरभर केसच केस, आणि दर काही महिन्यांनी तेच

पुन्हा सुरू झालंय. सकाळी काळी पँट घातली आणि दाराबाहेर पडेपर्यंत मांड्यांवर पांढुरक्या केसांची नक्षी उमटली, सोफ्यावर थर, कीबोर्डच्या बटणांच्या फटीत केस, आणि मोज्यांत तर ते असे विणले जातात की दोनदा धुतले तरी निघत नाहीत, चिमटा घेऊन एकेक उपटत बसावं लागतं. आमची ठकी, साडेचार वर्षांची स्मूथ कॉली, सेबल अँड व्हाइट म्हणजे तांबूस-पांढरी, या सगळ्या गोंधळाच्या मधोमध पाय पसरून झोपलेली असते आणि मी झाडू घेऊन आलो की फक्त एक भुवई वर करते.

तिला घरी आणताना आमचं गणित साधं होतं. कॉली हवी, पण ती लांब झुलीसारख्या केसांची रफ कॉली नको, रोज विंचरत कोण बसणार, त्यापेक्षा आखूड केसांची घेऊ म्हणजे कटकटच मिटली. हे गणित साफ चुकीचं निघालं, आणि ज्यांनी ज्यांनी हाच विचार करून स्मूथ घेतली त्या सगळ्यांची दर काही महिन्यांनी हीच रड असते, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. काय काय करून पाहिलं, त्यातलं काय फुकट गेलं, आणि केस झडणं हे नुसतं झडणं नसून दुखणं आहे हे कधी ओळखायचं. हा शेवटचा भाग कंटाळा आला तरी वाचाच, कारण तिथे आमचं थोडक्यात निभावलं.

आधी ज्यांना ही कोण हेच माहीत नाही त्यांच्यासाठी. स्मूथ कॉली म्हणजे बॉर्डर कॉली नव्हे, आणि 'कॉलीचे केस कापलेत का?' याचंही उत्तर नाही असंच आहे. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या उत्तर भागातली ही मेंढ्या-गुरं हाकणारी जुनी जात. लांबुळकं निमुळतं तोंड, अर्धे दुमडलेले कान, बदामी डोळे, सगळं रफ कॉलीसारखंच, फक्त अंगावर आखूड राठ केस. ब्रिटनमधल्या मापांप्रमाणे नर खांद्यापाशी 56 ते 61 सेंटिमीटर, मादी 51 ते 56. गुरं हाकत बाजारापर्यंत लांबची चाल करायची तर आखूड केस सोयीचे, चिखल-काटे अडकत नाहीत, असं तिच्याबद्दल सांगतात. मग 1860 च्या दशकात स्कॉटलंडमधल्या बालमोरल वाड्यावर राणी व्हिक्टोरियाला कॉली आवडल्या, कुत्र्यांच्या प्रदर्शनांचं वेड वाढलं, आणि सगळ्यांच्या नजरा लांब केसांच्या बहिणीवर गेल्या. ही बिचारी मागेच राहिली. आज ब्रिटनच्या केनेल क्लबमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या तिथल्या संस्थेत, ती वेगळी जात म्हणून नोंदली जाते आणि त्यांच्या धोक्यातल्या तिकडच्या मूळ जातींच्या यादीत आहे, म्हणजे वर्षाला 300 पिल्लांचीसुद्धा नोंद होत नाही. अमेरिकेत मात्र रफ आणि स्मूथ ही एकाच जातीची दोन रूपं धरतात, आणि एकाच वेतात दोन्ही प्रकारची पिल्लं निघू शकतात.

हे पिल्लांचं प्रकरण केसांशी थेट जोडलेलं आहे म्हणून दोन मिनिटं त्यावर. एफजीएफ5 नावाचा एक जीन असतो, तो केसाला सांगतो की बास, आता वाढणं थांबव. हा जीन नीट चालत असला की केस आखूड राहतो, त्याच्या (आईकडून एक, बापाकडून एक अशा) दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की केस जास्त काळ वाढत राहतो आणि कुत्रं रफ होतं. एक प्रत जरी धड असली तरी कुत्रं स्मूथ, म्हणून दोन स्मूथ आईबापांना रफ पिल्लू होऊ शकतं पण दोन रफना स्मूथ होत नाही. आता यातली मेख बघा. या जीनने फक्त लांबी ठरते. केस किती दाट, आत लव आहे की नाही, ती कधी झडणार, याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे स्मूथच्या अंगावरही दोन थर असतातच, वर चपटे राठ केस आणि खाली पिंजलेल्या कापसासारखी गच्च लव. वरून हात फिरवला तर गुळगुळीत लागतं म्हणून आपण फसतो. रफची झडलेली लव तिच्याच लांब केसांत अडकून राहते, तिथे गुंते होतात. स्मूथची लव अडकायला काही नसतंच, ती सरळ खाली पडते, तुमच्या पँटवर. मला तरी रफवाल्या ओळखीच्यांपेक्षा आमच्याच घरात जमिनीवर केस जास्त दिसतात, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

झडण्याचं वेळापत्रक दिवसाच्या उजेडावर चालतं. दिवस मोठे व्हायला लागले की जाड लव सुटते, पुढे दिवस लहान होताना नवा थर येण्याआधी आणखी एकदा सुटते, असा वर्षातून दोनदा मोठा झटका, आणि कुत्रं दिवसरात्र घरात दिव्यांच्या उजेडात असेल तर मधल्या काळातही थोडं थोडं चालूच. नसबंदी न केलेली मादी असेल तर माजावर येऊन गेल्यावर काही महिन्यांनी आणि पिल्लं झाल्यावर वेगळा हप्ता. हे बंद करायचा उपाय नाही. जो सांगतो की आहे, तो तुम्हाला काहीतरी विकतोय. आपल्या हातात एवढंच की जी लव सुटलीच आहे ती सोफ्यावर पडण्याआधी कंगव्यात यावी.

आता माझे पराक्रम. पहिल्या वर्षी मी ते सुटे केस काढायचं ब्लेडवालं डिशेडिंग टूल आणलं, बारीक दातांचं, फिरवलं की ढिगाने केस निघतात आणि माणसाला फार कर्तबगार वाटतं. तीन आठवडे रोज फिरवलं. नंतर उन्हात बघतो तर पाठीवरचे केस तुटलेले, टोकं बोथट, रंग फिका पडलेला, आणि अंगावरून पाणी निथळायचं ते मुरायला लागलं. कारण ते ब्लेड सुटलेली लव काढतंच, पण जोर लावला की वरचे चांगले केसही कापतं. ते टूल एकदम टाकाऊ आहे असं नाही, हलक्या हाताने क्वचित वापरणारे आहेत, पण स्मूथवर मी ते पुन्हा लावणार नाही, तो वरचा थर परत नीट यायला कितीतरी महिने गेले.

दुसऱ्या वर्षी दर आठवड्याला आंघोळ. केस तेवढेच, वर कोंडा सुरू झाला आणि कातडी कोरडी पडून ती रात्रभर खाजवत बसली. मग कुणीतरी म्हणालं माशाचं तेल द्या, दिलं, तकाकी आली हे खरं पण झडणं तसूभर कमी नाही. मग कुणीतरी म्हणालं सरळ मशीनने बारीक करून टाका. ते मात्र केलं नाही, आणि तुम्हीही करू नका, वरचा राठ थर ऊन-पाऊस अंगाला लागू देत नाही, आणि दोन थरांच्या कुत्र्याचे केस मुळापासून कापले तर काही वेळा ते परत येताना फार रेंगाळतात नाहीतर ठिगळासारखे येतात. शिवाय झडणं थांबत नाही ते नाहीच, आता तेच केस आखूड काट्यांसारखे झडतात आणि आणखी टोचतात.

चूक कुठे होती ते कळायला मला तिसरं वर्ष लागलं. मी ब्रश वरवर फिरवत होतो. पाठ, पाठ आणि पाठ, कारण तिथे हात सहज जातो आणि तिलाही बरं वाटतं. पण स्मूथची खरी लव पाठीवर नसतेच फारशी, ती दडलेली असते मानेच्या दाट कॉलरमध्ये, कानांच्या मागे, शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या मांड्यांच्या पाठीमागच्या बाजूला, जिथे केस बाकी अंगापेक्षा जरा लांब असतात. एकदा सहज मांडीवरचे केस अंगठ्याने उलटे केले तर वर तांबूस आणि खाली फिकट करड्या लवेचा गच्च थर, जणू केसांच्या खाली दुसरंच कुत्रं राहतंय. तोवर रोज ब्रश करून मी स्वतःला शाबासकी देत होतो.

आता काय करतो ते सांगतो. संध्याकाळी फिरून आल्यावर, ती दमलेली असताना, खाली जमिनीवर बसतो. तिचं डोकं माझ्या गुडघ्यावर. डाव्या हाताने मांडीवरचे केस वरच्या दिशेला दाबून धरायचे म्हणजे कातडीची एक पांढरी रेघ दिसते, आणि त्या रेघेपासून खाली, थोडे थोडे केस सोडत, अंडरकोट रेक म्हणजे तो लांब बोथट दातांचा कंगवा ओढायचा. जोर नाही, मनगट सैल, दात कातडीवर घासायचे नाहीत. पहिल्या दोन-तीन ओढींत काही येत नाही, मग अचानक एक जागा सुटते आणि लवेचा सबंध पट्टाच्या पट्टा दातांत येतो, हलका, गरम, फुंकर मारली तर उडेल असा. ती जागा झाली की एक इंच वर सरकायचं. एका दिवशी एकच भाग. आज डावी मांडी, उद्या उजवी, परवा मान, कारण सगळं एका बैठकीत करायला गेलात तर अर्ध्या तासाने ती उठून जाते आणि पुढच्या वेळी कंगवा दिसताच पलंगाखाली. ही जात मनाला फार लावून घेणारी आहे, एकदा ओरडलात तर आठवडाभर लक्षात ठेवते, तेव्हा दहा मिनिटं आणि बक्षीस, एवढ्यावर थांबा.

शेवटी रबरी ब्रश सगळ्या अंगावर गोल गोल, त्याने वरचे सुटे केस येतात, मग ओलसर हात एकदा फिरवायचा. कानामागच्या मऊ केसांना मात्र साधा बारीक कंगवाच, तिथे रेक लावू नका, कातडी पातळ असते. स्लिकर ब्रश मी जवळजवळ सोडलाच, त्याच्या तारा आखूड केसांतून थेट कातडीला लागतात आणि लाल ओरखडे उठतात.

आंघोळ पूर्ण मोसमात एकदाच, पण योग्य वेळी. लव सुटायला लागून चारपाच दिवस झाले की आधी कोरडं विंचरून घ्यायचं, मग कोमट पाणी कातडीपर्यंत पोचेस्तोवर, म्हणजे खरंच वेळ लावून, कारण लवेत पाणी शिरत नाही, वरून भिजल्यासारखं दिसतं आणि आत कोरडं ठणठणीत. शॅम्पू लावून बोटांच्या टोकांनी चोळलं की अर्धी लव तिथेच सुटते (मोरीच्या जाळीवर काहीतरी ठेवा, नाहीतर पुढची समस्या प्लंबरची). त्यानंतर वाळवणं, आणि इथे आळस केलात तर महागात पडतं. वरचे केस अर्ध्या तासात वाळतात, आतली लव कितीतरी तास ओली राहते, त्या ओलीखाली कातडी लाल चिकट होऊन हॉट स्पॉट उठतात. ड्रायर थंड किंवा अगदी कोमट हवेवर, केस उलटे करत करत, आणि हवेच्या झोताबरोबर सुटलेली लव आपोआप उडून येते. हे बाहेर करा. मी एकदा बेडरूममध्ये केलं होतं, पुढे काय झालं ते सांगत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरुवात कधी करायची. आपण जमिनीवर केस दिसले की जागे होतो, पण तोवर लव सुटून आठ-पंधरा दिवस झालेले असतात आणि आपण मागे मागे धावत बसतो, दर वेळी तोच घोळ होण्याचं कारण हेच. माझी खूण अशी की मांडीच्या मागे केसांची तकाकी जाते, आणि मधूनच फिकट पुंजका वर डोकावतो, उशीच्या फाटक्या शिवणीतून कापूस यावा तसा. तो पुंजका चिमटीत धरून अलगद ओढायचा. न दुखता, तिने मान न वळवता तो हातात आला की त्याच दिवशी रेक बाहेर काढायचा. नाही आला तर थांबायचं, ओरबाडायचं नाही. असं वेळेवर धरलं तर तीनेक आठवड्यांत मोठा भर उतरतो, उशीर केला तर दीड-दोन महिने घरभर केस.

आता दुखण्याचा भाग. नुसत्या झडण्यात कातडी धड असते, खाज नसते, आणि केस सगळीकडून विरळ होतात, कुठेही टक्कल दिसत नाही. चाई पडल्यासारखा गोल ठिपका, त्यावर खपली किंवा लाली, सतत खाजवणं, दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होऊन कुत्रं सुस्त आणि जाड होत जाणं (हे थायरॉइडचं असू शकतं), पिल्लाच्या तोंडावर, कानाच्या टोकांना, शेपटीच्या शेंड्याला आणि पायांच्या हाडांवर केस जाऊन खपल्या (कॉलींमध्ये डर्मॅटोमायोसायटिस नावाचा आनुवंशिक आजार असतो, तो बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आत दिसतो), यातलं काहीही दिसलं तर कंगवा खाली ठेवा आणि डॉक्टर गाठा.

आम्हाला दोन वर्षांपूर्वी ठकीच्या पुढच्या पायावर असा ठिपका दिसला. नेहमीचे डॉक्टर नव्हते म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथल्यांनी तिला बघितलं, म्हणाले, मिक्स आहे ना ही? मी म्हटलं नाही, कॉली. ते हसले, कॉलीला एवढे एवढे केस असतात, आणि हाताने जमिनीपर्यंत दाखवलं. कातडी खरवडून बघितली, खरजेचे किडे दिसले, आणि आयव्हरमेक्टिनचं, म्हणजे जंत-किडे मारणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देऊन टाकू म्हणाले. मला तेव्हा फक्त एवढंच आठवलं की ज्यांच्याकडून ठकी आणली त्यांनी एक कागद दिला होता आणि त्यावर हे नाव लाल अक्षरांत होतं. मी म्हटलं जरा थांबा, एमडीआर1 बघायला हवं. त्यांनी नाराजीने का होईना, पण थांबवलं.

हे एमडीआर1 काय ते नीट समजून घ्या. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या कडेला एक पंप असतो, तो नको ती औषधं मेंदूत शिरण्याआधी परत रक्तात ढकलतो. बऱ्याच कॉलींमध्ये या पंपाच्या जीनमधली (त्याचंच नाव एमडीआर1) चार अक्षरं गळालेली असतात आणि पंप बनतच नाही, हे 2001 मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी शोधून काढलं. अमेरिकेतल्या तपासण्यांत दहातल्या साधारण सात कॉलींमध्ये निदान एक तरी बिघडलेली प्रत सापडते, आणि रफ-स्मूथ असा भेद त्यात नाही. हार्टवर्म म्हणजे हृदयातले जंत होऊ नयेत म्हणून महिन्याला दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन किलोमागे 6 मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, ते यांनाही चालतं. पण खरजेसाठी देतात ते 300 ते 600 मायक्रोग्रॅम. दोन्ही प्रती बिघडलेल्या कुत्र्याला एवढं गेलं तर बुबुळं विस्फारतात, लाळ गळते, तोल जातो, दिसेनासं होतं, आणि पुढे कोमा. घोड्यांना किंवा गुरांना जंताचं औषध दिलं असेल तिथे शेण-लीद चाटू देऊ नका ते याचसाठी. जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी घरातल्या डब्यात असते ना, तीही यांना द्यायची नाही. भूल देण्याआधीचं एसप्रोमाझिन आणि ब्युटॉर्फॅनॉल यांचे डोस कमी करावे लागतात.

लांब केसांची कॉली आत आली की डॉक्टरांच्या डोक्यात ही घंटा आपोआप वाजते. आमच्या ठकीला बघून वाजत नाही, तिला सगळे मिक्स समजतात. रस्त्यात कुणी समजलं तर मीही हसून सोडतो. पण दवाखान्यात नाही. गालाच्या आतून कापसाने पुसून नमुना पाठवायचा, आयुष्यात एकदाच, निकाल येतो दोन्ही प्रती चांगल्या, एक बिघडलेली किंवा दोन्ही बिघडलेल्या असा. ठकीच्या दोन्ही बिघडलेल्या निघाल्या. आता तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आणि पट्ट्याच्या बिल्ल्यावरही. खरजेला मग आमच्या डॉक्टरांनी किडे मारणाऱ्या औषधांच्या आयसोक्साझोलिन गटातली गोळी दिली, ठिपका दीड महिन्यात भरून आला. ती गोळीही प्रत्येकाला चालते असं नाही, फिट येणाऱ्या कुत्र्यांना जपून देतात, तेव्हा माझं वाचून परस्पर काही देऊ नका.

हे सगळं वाचून कुणी स्मूथ घ्यायची का नाही या विचारात पडला असेल तर, केसांचा त्रास आहे, पण चिखलातून आली की अर्ध्या तासात चिखल वाळून गळून पडतो आणि ती परत स्वच्छ, गुंता म्हणून कधी सोडवावा लागला नाही, आणि अंगाचा घाट झाकलेला नसल्यामुळे ती पळताना खांदा कसा सरकतो, पाठ कशी ताणली जाते ते सगळं दिसतं. रफमध्ये हे दिसत नाही. मला विचाराल तर ते बघण्यासाठी मी केस झाडायला तयार आहे. घेताना पिल्लाचे डोळे सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान तपासून घ्या तेवढं, कॉली आय अॅनॉमली हा डोळ्याचा जन्मजात दोष, तो नंतर कधी कधी झाकला जातो आणि तपासणीत दिसत नाही.

आजचा हा नववा दिवस. दोन्ही मांड्या आणि शेपटीचं मूळ झालंय, रेक तिथून जवळजवळ रिकामा येतो. मानेची कॉलर बाकी आहे, ती तिला आवडत नाही, हनुवटी खाली दाबून धरते. काळी पँट अजून आठवडाभर कपाटातच.